माडाच्या शेंड्यावरून पडलेली गाडी

पाऊस जोराचा नव्हता. रस्ता काळा व्हावा एवढेच शिंतोडे आले होते, आणि घात झाला तो त्यामुळेच. सहा-आठ महिने रस्त्यावर बसलेली धूळ, टायरचं झिजलेलं रबर आणि इंजिनांतून ठिबकलेलं तेल यांचा पहिल्या सरीत बुळबुळीत राडा होतो. पुढचा मुसळधार पाऊस तो धुऊन नेतो, पण तोवर रस्ता साबण लावलेल्या लादीसारखा असतो. सिंधुदुर्गात शिरोड्याहून आमच्या आरोंद्याला येताना माझ्या आतेभावाची गाडी एका वळणावर अशीच घसरली आणि चिऱ्यांच्या गडग्यावर जाऊन आदळली.

मी पोचलो तेव्हा तो गडग्यावरच बसून पाणी पीत होता. खांद्यावर पट्ट्याचा तांबडा वळ, शर्टावर एअरबॅगची पांढरी पूड, बाकी काही नाही. स्वतःच दार उघडून बाहेर आला होता. गाडीचं तोंड मात्र बघवत नव्हतं. बोनेट तंबूसारखं वर उठलेलं, बंपरचे तुकडे, रेडिएटर इंजिनाला चिकटलेला. जमलेल्या मंडळींचा निकाल तयार होता. "जुनी गाडी असती तर गडगो मोडलो असतो, गाडयेक काय झाला नसता!"

हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक अपघाताच्या जागी कुणीतरी म्हणतंच. ते अर्धं खरं आहे. जुन्या गाडीला खरंच कमी लागलं असतं. जास्त लागलं असतं आतेभावाला.

हिशेब असा. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण पावणेसतरा मीटर. हा वेग एखाद्या वस्तूला नुसतं खाली पडून यायचा असेल तर तिला 14 मीटरांवरून पडावं लागतं. आरोंद्याच्या माणसाला 14 मीटर सांगायची गरज नाही, मान वर करून माड दाखवला की झालं. साठच्या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे गाडी माणसासकट माडाच्या शेंड्यावर नेऊन खाली सोडणं. इतक्या उंचीवरून पडलेला नारळ डोक्यात बसला तर काय होतं ते इथल्या पोरांनाही माहीत आहे. आतेभाऊ मात्र त्या शेंड्यावरून पडून गडग्यावर बसून पाणी पीत होता.

यामागे बेला बारेनी नावाच्या ऑस्ट्रियात जन्मलेल्या एका इंजिनिअरचं डोकं आहे. तो मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लर-बेंझमध्ये कामाला होता. तोवरची समजूत सरळ होती : गाडी जितकी कडक, तितका आतला माणूस सुरक्षित. बारेनीने ती उलटी केली. माणूस बसतो तो मधला भाग कडक ठेवा, आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम असा करा की धडकेत तो चुरगळेल. 1951 मध्ये त्याने या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1959 मध्ये मर्सिडीजची पहिली तशी गाडी बाजारात आली. आज बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीच्या नाकात तीच कल्पना आहे.

चुरगळण्याने नेमकं काय मिळतं? थांबायला जागा मिळते. साठच्या वेगातली गाडी 10 सेंटिमीटरांत थांबली तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या जवळजवळ 140 पट जोर येतो. तीच गाडी 60 सेंटिमीटर चुरगळत थांबली तर हा जोर 24 पटींवर उतरतो. तोही थोडा नाही, 70 किलोच्या माणसाला पट्ट्याने सतराशे किलोच्या जोराने धरून ठेवण्यासारखा आहे. खांद्यावरचा वळ त्याचाच. पण माणूस तो सोसतो. हे सगळं घडायला लागतो सेकंदाचा सातशतांश भाग, म्हणजे पापणी मिटून उघडायलाही याहून जास्त वेळ जातो. त्यातल्या पहिल्या अर्ध्या वेळात एअरबॅग फुगून तयारही झालेली असते.

तेव्हा तंबूसारखं उठलेलं ते बोनेट म्हणजे गाडी कच्ची असल्याचा पुरावा नव्हे. काडेपेटीतली काडी जळली म्हणून आपण तिला खराब काडी म्हणत नाही. फक्त ती पुन्हा पेटत नाही. दुरुस्ती करायची की गाडी सोडून द्यायची, या प्रश्नाची गाठ इथेच आहे.

क्रेनने गाडी सावंतवाडीच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या मेस्त्रींनी पुढच्या चेंदामेंद्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते थेट ड्रायव्हरच्या दाराशी गेले, दार चारदा उघडलं-लावलं, आणि मग दार आणि खांब यांच्यामधल्या फटीतून अंगठ्याचं नख वरून खाली फिरवत नेलं. खाली नख सहज सरकत होतं, वर आल्यावर अडकलं. दुसऱ्या बाजूच्या दाराला तसं झालं नाही. मेस्त्री नुसते "हूं" म्हणाले.

मी विचारलं, "मेस्त्रीनू, होतला मा?"

"होतला," ते म्हणाले. "सगळा होतला. पण करूचा काय?"

मग त्यांनी बोनेटच्या खालचा भाग मोकळा केला आणि पोऱ्याला टेपचं एक टोक धरायला सांगितलं. डाव्या मागच्या भोकापासून उजव्या पुढच्या भोकापर्यंत एक माप, मग उजव्या मागच्यापासून डाव्या पुढच्यापर्यंत दुसरं. ज्याने घराचा पाया आखताना पाहिला आहे त्याला ही कृती लगेच ओळखू येईल. चिऱ्याचं घर बांधणारा गवंडी दोरी लावून चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजतो आणि ते सारखे भरले की चारही कोपरे काटकोनात आहेत असं धरून चालतो. गाडीचंही तेच. फरक आहे तो चुकीला किती माफी, याचा. घराच्या पायात बोटभर फरक गवंडी सांभाळून घेतो. गाडीच्या सांगाड्यात साधारण 3 मिलिमीटरांच्या पुढे गेलं की चाकं एका रेषेत राहत नाहीत, स्टीअरिंग एका बाजूला ओढू लागतं आणि टायर एकीकडूनच झिजतात. इथे दोन कर्णांत फरक होता 19 मिलिमीटरांचा.

एवढासा फरक सरळ करायला एवढं काय अवघड आहे, असं मलाही वाटलं. मशीनला बांधायचं आणि ओढायचं. ओढता येतंही. पण लोखंड ही विचित्र वस्तू आहे. तिच्यावर झालेलं ती विसरत नाही.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या हंड्यावर अजूनही मठाराचं काम होतं. पॉलिश केलेल्या हातोडीने सगळ्या अंगावर शेजारीशेजारी ठोके मारत जातात, आणि त्या ठोक्यांच्या चकचकीत टिकल्यांनी भांडं देखणं दिसतं. पण मठार केवळ शोभेचा नसतो. प्रत्येक ठोक्याने तिथलं तांबं कडक होतं. मऊ पत्र्याचा हंडा पाणी भरल्यावर पोचू नये एवढा ताठ होतो तो या ठोक्यांनी. धातू म्हणजे कणांच्या शिस्तबद्ध रांगा. धातू वाकतो तेव्हा रांगांमधल्या चुका सरकतात, एकमेकींत अडकतात आणि गुंता होतो. गुंता वाढला की पुढचं वाकणं जड जातं. म्हणून तांबट मधूनमधून भांडं भट्टीत तापवून घेतो. उष्णतेने गुंता सुटतो आणि तांबं पुन्हा मऊ होतं.

तारेचा तुकडा घेऊन करून बघा. एकदा वाकवलेली तार पुन्हा सरळ करायला गेलात तर ती मूळ जागी सरळ होत नाही, शेजारीच नवा बाक घेते. पहिली जागा कडक झालेली असते. तीच जागा पुन्हापुन्हा वाकवली तर तुटते. गाडीच्या नाकातल्या ज्या पट्ट्या ठरल्या जागी, ठरल्या जोराला, ठरल्या घड्या पाडून चुरगळायला बनवल्या आहेत, त्या ठोकून सरळ केल्या की दिसायला सरळ दिसतात. पुढच्या धडकेत मात्र त्या कुठे आणि कधी वाकतील ते सांगता येत नाही. आणि एअरबॅगचा संगणक तर त्या चुरगळण्याच्या लयीवरूनच ठरवतो की ही धडक आहे की नुसता खड्डा.

मग तांबटासारखं तापवून मऊ केलं तर? साध्या पत्र्याला चालतं, आमच्याकडचे डेंटर वर्षानुवर्षं करत आले आहेत. पण आजच्या गाडीत सगळा पत्रा साधा नसतो. दारांमधला खांब, छताची कड असल्या जागी बोरॉन मिसळलेलं पोलाद वापरतात. ते 900 अंशांच्या वर तापवून लालबुंद असतानाच साच्यात दाबतात, आणि साच्यातूनच पाणी फिरवून काही सेकंदांत थंड करतात. त्या झटक्याने त्याची आतली रचना इतकी कठीण होते की ते दरवाजाच्या साध्या पत्र्याच्या कैक पट ताण सोसतं. अशा खांबावर गॅसची ज्योत धरली की कारखान्यात कमावलेलं ते सगळं दोन मिनिटांत जातं. वरून रंग मारला की कळतही नाही. कारखान्यांचं सांगणं म्हणून असं असतं की हे भाग तापवू नका, ओढू नका, ठरलेल्या जोडापासून कापून नवे बसवा.

म्हणून मेस्त्रींचं नख दाराच्या फटीतून फिरत होतं. घड्या नाकापुरत्या राहिल्या असतील, तर नाक बदलता येतं आणि गाडी खरोखरच पूर्वीसारखी होते. घडी माणसाच्या खोलीपर्यंत पोचली असेल, तर प्रश्न बदलतो. धडकेच्या चाचण्याही हेच बघतात. डिसेंबर 2018 मध्ये पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे मिळाले. भारतात बनून भारतात विकली जाणारी, पाच तारे मिळवणारी ती पहिली गाडी. असल्या चाचणीत गाडी ताशी 64 किलोमीटरने अडथळ्यावर सोडतात. तिचं तोंड किती बिघडलं याला कुणी विचारत नाही, प्रवाशांची खोली शाबूत राहिली का आणि आत बसवलेल्या पुतळ्यांना किती इजा झाली ते बघतात. आमचे मेस्त्री तीच परीक्षा नखाने घेत होते.

उलटी परिस्थितीही असते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर चिखल धुतला तर अंगावर ओरखडाही नाही, दारांच्या फटी मिलिमीटरला बरोबर. पण वायरिंगच्या प्रत्येक जोडात गाळ, संगणकात पाणी, आसनांखाली ओल. अशा गाडीचं निदान नखाने होत नाही. ती सहा महिन्यांनी रस्त्यात बंद पडून स्वतःच सांगते. मला विचाराल तर बुडालेल्या गाडीपेक्षा आपटलेली गाडी बरी. ती निदान खोटं बोलत नाही.

आता पैशांकडे. विमा कंपनीच्या लेखी गाडीची किंमत म्हणजे आयडीव्ही. नव्या गाडीच्या किमतीतून वयानुसार घट धरत तो काढतात : पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के, मग वर्षापर्यंत 15, असं वाढत पाचव्या वर्षी 50. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचा. गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च या आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या पुढे गेला की कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. भंगार व्हायला गाडीचे तुकडेच व्हावे लागत नाहीत, खर्चाने ही रेघ ओलांडली की झालं.

सोपे आकडे घेऊ. सहा वर्षांची गाडी, आयडीव्ही 3 लाख, म्हणजे रेघ सव्वादोन लाखांवर. दुरुस्तीचा अंदाज आला 1 लाख 80 हजार. रेघेच्या आत आहे, तेव्हा दुरुस्ती. पण कंपनी सगळे पैसे देत नाही. प्लास्टिक, रबर आणि एअरबॅग यांच्यावर 50 टक्के घट, सहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 40. समजा 70 हजारांचं प्लास्टिक आणि एअरबॅग, 60 हजारांचा पत्रा आणि 50 हजारांची मजुरी. मालकाच्या खिशातून 35 हजार, 24 हजार आणि वर सक्तीच्या वजावटीचे हजार, असे 60 हजार जातात. काचेवर घट नाही. ही घट न कापणारं 'झिरो डेप' कवच घेतलेलं असेल तर यातला मोठा भाग वाचतो, पण गाडी जुनी झाली की लोक नेमकं तेच काढून टाकतात. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मात्र हा सगळा हिशेब मालकाचाच. तो विमा समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो, आपल्या बोनेटसाठी नव्हे.

उलट गाडी टोटल झाली तर भागांवरची ही घट लागत नाही, आयडीव्हीतून ठरलेली वजावट सोडून बाकी रक्कम हातात येते. त्यामुळे काही मालक विम्याच्या सर्व्हेअरच्या मागे उभे राहून मनातल्या मनात सातेरी भद्रकालीला साकडं घालत असतात की अंदाज अजून थोडा वाढू दे. आणि तो वाढतोही. आतेभावाच्या गाडीचा पहिला अंदाज रेघेच्या आत होता. पुढचा भाग उघडल्यावर एसीचा कंडेन्सर गेलेला निघाला, गिअरबॉक्सचं कव्हर तडकलेलं निघालं, आणि ते 19 मिलिमीटर तर होतेच. बाहेरून दिसतं ते नुकसान आणि उघडल्यावर दिसतं ते नुकसान यांच्यात नेहमीच असं अंतर असतं. म्हणून पहिल्या आकड्यावर कुणीही निर्णय घेऊ नये, ना गाडी करायचा ना सोडायचा.

या हिशेबात न येणारी एक गोष्ट आरोंद्यात आहे. समोर तेरेखोलची खाडी, पलीकडे गोव्याचं किरणपाणी, पश्चिमेला शिरोड्याची मिठागरं. तीच मिठागरं, जिथे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. इथल्या वाऱ्यातच मीठ आहे. कारखान्यात गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात, त्यामुळे गंजरोधक थर आतल्या कानाकोपऱ्यांत, हात न पोचणाऱ्या पोकळ्यांतही बसतो. दुरुस्तीत खांब कापून नवा जोडला की वेल्डिंगच्या उष्णतेने तो थर जळतो. बाहेरून लांबी भरतात, रंग मारतात, पण पोकळीच्या आतून पुन्हा हौद कुठून आणणार? तिथे मीठ बसतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते आपण दरवर्षी बघतो. हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. मग पाऊस न पडताही पत्रा खाऱ्या पाण्यात भिजत राहतो. आमच्याकडे हवा वर्षातला बराच काळ या रेघेच्या वर असते. पंचाहत्तर हा आकडा आरोंद्याच्या गाडीला असा दोनदा आडवा येतो, एकदा कंपनीच्या कागदावर आणि एकदा हवेत. तीच गाडी, तीच दुरुस्ती सोलापुरात दहा वर्षं टिकेल, इथे तिसऱ्या पावसाळ्यात जोडाच्या कडेला रंग फुगायला लागतो.

"पुण्याची गाडी असती तर केली असती," मेस्त्री म्हणाले होते. "हय नको. खाडयेच्या वाऱ्याक नवो जोड सापडता." शेवटी खर्च रेघेच्या वर गेला, कंपनीने गाडी घेतली, आणि आतेभावाने मिळालेल्या पैशांत भर घालून दुसरी घेतली. मेस्त्रींच्या हातातलं काम गेलं, तरी सल्ला त्यांनी तोच दिला होता. अशा माणसाचं म्हणणं मी कुठल्याही छापील अंदाजाच्या आधी धरीन.

पण टोटल झालेली गाडी जाते कुठे? पुष्कळदा ती लिलावात जाते, कुणीतरी घेतो, स्वस्तात सरळ करतो आणि दूरच्या जिल्ह्यात विकतो. ब्रिटनमध्ये 2017 पासून अशा गाड्यांना अक्षरं देतात : सांगाड्याला मार असेल तर एस, नसेल तर एन, आणि ए किंवा बी असेल तर गाडी पुन्हा रस्त्यावर येऊच शकत नाही. आपल्याकडे आर.सी.वर असं अक्षर नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे कायमची निकामी झालेली गाडी 14 दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायची असते, सिंधुदुर्गात म्हणजे ओरोसला. हे टाळलं की त्या गाडीचा नंबर आणि कागद जिवंत राहतात, आणि चोरीच्या गाडीवर तोच चासी नंबर ठोकणारे त्याच कागदांची वाट बघत असतात. तुमची गाडी टोटल झाली तर पैसे हातात आल्यावरही नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागून घ्या.

आणि खाडीपलीकडे गोव्यात स्वस्तात गाडी घ्यायला जाल तेव्हा एवढं करा. दार उघडा, चौकटीवरचं रबर हलकेच ओढा. खालच्या पत्र्यावर ठरावीक अंतरावर चार-आण्यापेक्षा लहान, गोल खळगे दिसले पाहिजेत. ते कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे, एका गाडीत असे काही हजार असतात. डाव्या दाराला खळगे आहेत आणि उजव्याला गुळगुळीत लांबी आहे, तर दाराच्या फटीतून अंगठ्याचं नख फिरवून बघा. अडकलं, तर किल्ली परत देऊन या.